दृष्टान्तास प्रमाण मानावे काय?

आजकाल आपल्या मार्गातील धर्मसभांतून, उपहाराच्या प्रसंगी होणाऱ्या निरूपणांतून आणि लहानमोठ्या पुस्तिकांतून एक वाक्य वारंवार कानी पडते. ‘हे तर आता विज्ञानानेही सिद्ध केले आहे’ असे ते वाक्य होय. ते उच्चारताच श्रोत्यांच्या माना डोलतात आणि वक्त्यासही आपण काही भरीव सांगितल्याचे समाधान लाभते. प्रस्तुत लेखकाने हे वाक्य स्वतः अनेकदा उच्चारलेले आहे. पुढील विवेचन म्हणून स्वतःच्याच एका चुकीचे शोधन आहे, इतरांचे दोष काढण्याचा त्यात हेतू नाही, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

काही वर्षांपूर्वी एका वासनिकाच्या घरी पंचावतार उपहाराच्या निमित्ताने सभा भरली होती. जीव आणि प्रपंच यांचा भेद सांगण्याच्या ओघात मी म्हणालो की, इलेक्ट्रॉन नामक अणूहूनही सूक्ष्म कण कोणी पाहत नसता लाटेप्रमाणे वागतो आणि कोणी पाहू लागताच कणाप्रमाणे वागतो; म्हणजे जडदेखील चेतनाची दृष्टी ओळखते; आणि पाश्चात्यांना जे आज उमगले ते आमच्या स्वामींनी साडेसातशे वर्षांपूर्वीच निरूपिले आहे. सभा विसर्जित झाल्यावर यजमानांची कन्या पुढे आली. ती पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. करीत होती. दंडवत घालून ती म्हणाली, “बाबा, त्या प्रयोगात पाहणारा म्हणजे कोण धरायचा? माणूस की यंत्र? आम्ही तर यंत्र सुरू करून, दिवे मालवून घरी जातो. नोंदी यंत्र घेते. आम्ही त्या सकाळी येऊन वाचतो.”

मी काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर आज मला आठवत नाही, यावरूनच त्याची किंमत कळावी. तिने पुन्हा दंडवत घातला व ती आत गेली. तिने वाद घातला असता तर मी तो प्रसंग कदाचित विसरलो असतो. तिचा विनय मात्र मला पुष्कळ दिवस बोचत राहिला. पुढे तिच्याकडूनच काही ग्रंथ मागवून घेतले, जे समजले नाही ते पुन्हा पुन्हा विचारले, आणि दोन-तीन चातुर्मास त्या अभ्यासात घातल्यावर जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

प्रथम प्रयोग काय आहे ते पाहू. कारण आपण ज्याची साक्ष काढतो तो साक्षीदार काय म्हणतो हेच आपण बहुधा ऐकलेले नसते. एका पडद्यास दोन बारीक फटी पाडून त्यांतून प्रकाश सोडला असता पलीकडील पडद्यावर दोनच उजळ रेघा न उमटता उजेड व अंधार यांचे अनेक पट्टे उमटतात. दोन फटींतून निघालेल्या लाटा एकमेकींत मिसळून कोठे एकमेकींस बळ देतात तर कोठे एकमेकींस मारतात, त्याचे हे पट्टे होत. यास व्यतिकरण म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी थॉमस यंग या इंग्रज पंडिताने प्रकाशाचे तरंगस्वरूप या रीतीने दाखविले. पुढे 1961 साली जर्मनीत क्लाउस योन्सन याने हाच प्रयोग इलेक्ट्रॉन घेऊन केला, आणि 1989 साली जपानमध्ये तोनोमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडून तो करून दाखविला. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच ठिपका उमटवितो. आरंभी ते ठिपके कसेही विखुरलेले दिसतात. परंतु हजारो ठिपके साठल्यावर तेच पट्टे प्रकट होतात. एकट्याने प्रवास करणारा कण जणू दोन्ही फटींचा विचार घेऊन चालतो. आणि तो कोणत्या फटीतून गेला याची नोंद व्हावी अशी योजना केली की पट्टे नाहीसे होतात. यात कोणतीही अतिशयोक्ती नाही. क्वांटम मेकॅनिक्स, जिला मराठी ग्रंथांत पुंजयामिकी म्हणतात, तिचे सारे आश्चर्य या एका प्रयोगात सामावलेले आहे.

आता प्रश्न असा की, पट्टे नाहीसे होतात ते कोणाच्या जाणण्यामुळे? याचे सर्वांत बोलके उत्तर मला व्हिएन्ना येथील प्रयोगात मिळाले. तेथे 1999 साली कार्बनच्या साठ अणूंनी बनलेल्या रेणूचेही असे पट्टे दाखविण्यात आले. पुढे 2004 साली त्याच मंडळींनी सत्तर अणूंचे रेणू घेतले आणि यंत्रात शिरण्यापूर्वी ते तापविले. तापलेले लोखंड जसे लाल दिसते, तसा तापलेला रेणूही वाटेत प्रकाशाचे कण बाहेर टाकतो, आणि त्या प्रकाशाबरोबर आपण कोठे आहो याची खूण बाहेर जाते. रेणू जो जो अधिक तापविला तो तो पट्टे फिके होत गेले व शेवटी मावळले. तो बाहेर पडलेला प्रकाश कोणी पाहिला नव्हता. तो टिपण्यासाठी एखादे यंत्रही ठेवलेले नव्हते. तो भोवतालच्या भिंतींत जिरून गेला. खूण उमटली एवढेच पुरेसे झाले. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. येथे ‘पाहणे’ म्हणजे जडाचा जडाशी झालेला संबंध. चुलीवरच्या तव्याशी पाण्याच्या थेंबाचा जो संबंध येतो, त्याच जातीचा.

मग चेतनाचा विषय या शास्त्रात आला कोठून? तो काही आपल्या वक्त्यांनी पदरचा घातलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. 1932 साली जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने दाखविले की, मोजले जाणारे आणि मोजणारे यांच्यामधील रेषा गणिताच्या दृष्टीने कोठेही ओढता येते. यंत्रापाशी ओढा, डोळ्यापाशी ओढा, अथवा त्याही पलीकडे. 1961 साली युजीन विग्नर या थोर शास्त्रज्ञाने त्याचा अर्थ असा लावला की, पाहणाऱ्याच्या जाणिवेपाशी येऊनच ही साखळी संपते. त्याला 1963 साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामुळे या मतास मोठे वजन आले. पण गंमत अशी की, त्याच विग्नरने उतारवयात हे मत सोडून दिले. कोणतीही स्थूल वस्तू भोवतालच्या जगापासून कधीच अलग नसते आणि म्हणून तिच्यातील तरंगांचा मेळ आपोआप विस्कटतो, असा विचार डीटर त्झे याने 1970 साली मांडला होता. त्याचा विग्नरवर परिणाम झाला. आपण मात्र त्याचे सोडलेले मत अजून त्याच्या नावावर खपवीत आहो.

याचा अर्थ सर्व उलगडले असा नव्हे. अनेक शक्यतांपैकी नेमकी एकच का घडते, यावर शास्त्रज्ञांचे आजही एकमत नाही. बोर यांचा संप्रदाय एक सांगतो, 1952 सालचा डेव्हिड बोम दुसरे सांगतो, 1957 सालचा ह्यू एव्हरेट तर सर्वच शक्यता निरनिराळ्या विश्वांत घडतात असे म्हणतो. गणित तिघांनाही मान्य आहे, उत्तरेही तीच येतात. मतभेद आहे तो अर्थाविषयी. आपल्या परंपरेत एकाच सूत्रावर निरनिराळ्या आम्नायांचे निर्वचन वाचणाऱ्यास हे दृश्य अपरिचित वाटणार नाही.

येथे पूर्वपक्ष उभा राहतो तो असा. “शास्त्रज्ञांपैकी पुष्कळजण स्वतःच वेदान्ताकडे वळले, श्रोडिंगरसारखा या शास्त्राचा एक जनकच सर्वत्र एकच चैतन्य आहे असे म्हणून गेला. परमार्थाच्या बाजूने बोलणारा एवढा मोठा साक्षीदार आपण का दवडावा?”

याला उत्तर दोन अंगांनी आहे. श्रोडिंगरने आपले प्रसिद्ध समीकरण 1926 साली प्रसिद्ध केले. परंतु वेदान्तपर चिंतन त्याने 1925 सालीच लिहून ठेवले होते, आणि ते त्याला शोपेनहौअरच्या वाचनातून लाभले होते. मत आधीचे, समीकरण नंतरचे. समीकरणातून ते मत निघाले असे कसे म्हणावे? शिवाय 1979 साली ज्या तिघांना एकाच सिद्धान्ताबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यांत अब्दुस सलाम हे निष्ठावंत मुसलमान होते आणि स्टीव्हन वाइनबर्ग हे उघड निरीश्वरवादी होते. दोघांनी स्वतंत्रपणे विचार करून एकच पदार्थविज्ञान सिद्ध केले. त्या पदार्थविज्ञानातून ईश्वराचे असणे अथवा नसणे निघत असते, तर त्या दोघांपैकी एकाला तरी ते दिसले असते.

दुसरे अंग अधिक महत्त्वाचे असून ते केवळ आपल्यापुरते आहे. श्रोडिंगर काय म्हणाला? चेतना एकच आहे आणि तिचे अनेकपण हा आभास आहे, असे तो म्हणाला. हे ऐकून आपण टाळी वाजवितो तेव्हा आपण कशास टाळी वाजविली याचा विचार करतो काय? जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी, स्वतंत्र व परस्परभिन्न आहेत, हा आपल्या ब्रह्मविद्येचा पाया होय. जीव अनेक आहेत, ते बद्ध असून मुक्तीस योग्य आहेत. परमेश्वर नित्यमुक्त आहे. जीवाचा कधीही परमेश्वर होत नाही आणि परमेश्वराच्या ज्ञानदानावाचून तो सुटतही नाही. ‘सर्व एकच आहे हे विज्ञानाने सिद्ध केले’ असे महानुभाव वक्ता ज्या क्षणी म्हणतो, त्या क्षणी त्याने बंधही मिटविला, मोक्षही मिटविला आणि अवतार धारण करून जीवांचा उद्धार करण्याचे परमेश्वराचे व्यसनही निरर्थक ठरविले. नास्तिकाने आपले जेवढे नुकसान केले नसते तेवढे या टाळीने होते.

यात ‘चैतन्य’ या शब्दाने विशेष घोटाळा केला आहे. इंग्रजी ग्रंथांतील जाणीव या अर्थाच्या शब्दाचे भाषांतर मराठी लेखक सर्रास ‘चैतन्य’ असे करतात, आणि विश्वाच्या बुडाशी चैतन्य आहे असे वाचून आपले वासनिक आनंदित होतात. पण ज्याने आपल्या शास्त्राचा प्राथमिक अभ्यास केला आहे त्यालाही ठाऊक आहे की, आपल्याकडे चैतन्य हे देवताचक्रातील श्रेष्ठ देवतेचे नाव आहे. तिलाच माया म्हणतात. देवता नित्यबद्ध. तिचे फळ कितीही थोर असले तरी ते क्षय पावते. त्या फळास मोक्ष म्हणता येत नाही. इतर दर्शने जेथे पोहोचून ‘हेच परब्रह्म’ असे म्हणतात, ते ठिकाण देवतेचे असते, अशी आपल्या आचार्यांची भूमिका आहे. म्हणजे विश्वाच्या मुळाशी एक व्यापक चैतन्य आहे हे उद्या खरोखरच प्रयोगाने सिद्ध झाले असे क्षणभर गृहीत धरले, तरी आपल्या शास्त्रानुसार त्या प्रयोगाने फार तर देवतेची वार्ता आणली. परमेश्वर तेथूनही पलीकडेच राहिला. सूत्रपाठात अन्यव्यावृत्ती नावाचे प्रकरण उगीच घातलेले नाही. जे परमेश्वर नव्हे ते प्रथम बाजूला सारावे लागते, आणि ते बाजूला सारताना मोहक गोष्टीच अधिक श्रम देतात.

मला तर असे वाटते की, सूक्ष्म म्हणजे चेतन ही आपली जुनी भ्रांती येथे पुन्हा डोके वर काढीत आहे. दगड जड, वारा कमी जड, वीज त्याहून कमी जड, मग इलेक्ट्रॉनचा तरंग म्हणजे जवळजवळ आत्माच, अशी ही चढण आहे. परंतु प्रपंच हा पंचमहाभूते व त्रिगुण यांचा आहे, आणि त्याची अव्यक्त, कारणरूप अवस्था कोणत्याही तरंगापेक्षा सूक्ष्म असूनही ती प्रपंचच होय. श्रीमद्भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात श्रीकृष्णचक्रवर्तींनी क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांचा विवेक सांगताना पंचभूतांबरोबर बुद्धी, अहंकार व अव्यक्त यांनाही क्षेत्रातच बसविले आहे. जे जाणले जाते ते क्षेत्र. मग जे मोजले गेले, समीकरणात बसले, यंत्रावर उमटले ते क्षेत्रज्ञ कसे होईल? (मराठी पदार्थविज्ञानात विद्युत्‌क्षेत्र, चुंबकीय क्षेत्र असे शब्द आहेत. एका पुस्तिकेत गीतेतील क्षेत्र ते हेच, असे मी छापलेले वाचले. नावावरून नाते जुळविण्याचा हा प्रकार सोयरीक जमविणाऱ्या मध्यस्थालाही लाजविणारा आहे.)

मेंदूविषयी दोन शब्द. रॉजर पेनरोज आणि स्टुअर्ट हॅमेरॉफ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात असा तर्क मांडला की, मेंदूच्या पेशींतील अतिसूक्ष्म नलिकांमध्ये पुंजव्यापार चालतो आणि त्यातून जाणीव उपजते. 2000 साली मॅक्स टेगमार्क याने गणित करून दाखविले की, मेंदूच्या उष्ण व ओलसर वातावरणात तसा मेळ एका सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागापेक्षा अधिक काळ टिकणार नाही. तापलेल्या रेणूचे पट्टे मावळले तोच न्याय येथे लागतो. वाद अजून मिटलेला नाही. पण तो पेनरोज यांच्या बाजूने मिटला तरी आपल्याला कळेल ते मेंदूचे स्वरूप, आणि मेंदू हा देहाचा अवयव आहे. वेदना होते ती कोणास, हा प्रश्न तसाच उरतो. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने 1995 साली या प्रश्नास कठीण प्रश्न असे नाव दिले, आणि ते योग्यच आहे. पुंजयामिकीचा अर्थ कळत नाही आणि जाणिवेचे मूळही कळत नाही, म्हणून ती दोन्ही एकच असावीत, असा तर्क मात्र कोणत्याही न्यायशास्त्रात बसत नाही. काळोख्या रात्री हरवलेल्या दोन गाई एकाच रानात असतील असे गुराखीसुद्धा मानीत नाही.

यावर आणखी एक आशंका. यंत्रवत् विश्वाचा जुना सिद्धान्त तरी या शास्त्राने मोडला ना? लाप्लासने 1814 साली म्हटले होते की, सर्व कणांची आजची स्थिती ज्यास कळेल त्यास सारे भविष्य कळेल. त्या मतात जीवाच्या क्रियेला आणि म्हणून कर्मफळाला स्थानच नव्हते. ती भिंत ढासळली हे खरे आहे. जॉन बेल याने 1964 साली मांडलेला निकष, 1982 साली पॅरिसजवळ आलँ आस्पे याने घेतलेल्या चाचण्या, आणि त्या वाटेने झालेल्या कार्याबद्दल आस्पे, क्लाउझर व त्सायलिंगर यांना 2022 साली मिळालेले नोबेल पारितोषिक यांमुळे इतके निश्चित झाले की, कण आपापल्या जागी आपले उत्तर आधीच गाठीशी बांधून चालले आहेत आणि दूरच्या घटनेचा त्यांना स्पर्श नाही, हे साधे चित्र टिकत नाही. एवढ्यापुरता या शास्त्राचा आपल्यावर उपकार आहे. पण उपकार तेथेच थांबतो. रेडियमचा अणू अमुक क्षणी फुटला त्याला कारण सांगता येत नाही, म्हणून त्या अणूने पुण्य केले असे होत नाही. जीवाची क्रिया ही आपोआप घडलेली यदृच्छा नव्हे. तिच्यामागे त्याचा हेतू असतो आणि तिचे फळ त्याला भोगावे लागते. यदृच्छेत कर्तृत्व शोधणे म्हणजे फासे टाकणाऱ्यास सोडून फाशांना दंड करण्यासारखे आहे.

तर मग या शास्त्राचा उल्लेखच करू नये काय? तसे माझे मत नाही. दृष्टान्तपाठाची रचना आपणा सर्वांस परिचित आहे. सूत्र आणि दृष्टान्त हे सर्वज्ञांचे, आणि त्यावर दार्ष्टान्तिक लिहिले केशिराजबासांनी. एकशे चौदा दृष्टान्तांत हत्ती आहे, आंधळे आहेत, गावगाड्यातील किती तरी माणसे आहेत. हत्तीमुळे सूत्र सिद्ध होते असे केशिराजबासांनी कोठेही म्हटलेले नाही. दृष्टान्त एकदेशी असतो, तो श्रोत्याच्या परिचयाचा असावा आणि त्याचे काम झाल्यावर तो बाजूला ठेवावा, ही रीत त्या ग्रंथात पदोपदी दिसते. आजच्या तरुण श्रोत्यास इलेक्ट्रॉन हत्तीहून अधिक परिचित असेल, तर इलेक्ट्रॉनचा दृष्टान्त अवश्य द्यावा. यंत्र ज्या रीतीने मांडावे त्या रीतीचेच उत्तर मिळते, तसे जीव ज्या भावाने उपासना करतो त्या भावाचेच फळ पावतो, असे म्हणता येईल. मात्र हा दृष्टान्त आहे, प्रयोगाने उपासनेविषयी काही सांगितलेले नाही, हे त्याच श्वासात सांगावे.

आणि हे सांगण्याची निकड केवळ तात्त्विक नाही. एकोणिसाव्या शतकात ईथर नावाचे सर्वव्यापी द्रव्य शास्त्रज्ञ मानीत. थिऑसफीच्या ग्रंथांनी ते आपल्या आकाशतत्त्वाशी जोडले आणि आपल्या शास्त्रांना विज्ञानाचा आधार मिळाला म्हणून पुष्कळांस धन्यता वाटली. 1887 साली मायकेलसन व मोर्ले यांच्या प्रयोगात ईथरचा मागमूस लागला नाही, 1905 साली आइनस्टाइनने त्याची गरजच उरू दिली नाही. ईथर गेले. ज्यांची श्रद्धा त्याला बांधली होती त्यांचे काय झाले असेल? विज्ञान आपली मते बदलते हा त्याचा गुण आहे. बदलणाऱ्या खांबाला आपण आपले बैल बांधले तर दोष खांबाचा नाही.

परंतु माझ्या मनास याहून जे अधिक लागले ते वेगळे आहे. म्हाइंभटांनी लीळा गोळा केल्या त्या घरी बसून केल्या नाहीत. ज्याने जी लीळा पाहिली त्याच्याकडे जाऊन, त्याच्या तोंडून ऐकून, आचार्यांकडून पारखून घेऊन त्यांनी ती लिहिली. एकाच लीळेविषयी निरनिराळ्यांच्या स्मरणात फरक आढळला, तर तो शोध म्हणून नोंदवून ठेवण्याची आपल्या ग्रंथपरंपरेची रीत आहे. प्रत्यक्ष परमेश्वराच्या चरित्राविषयी ज्यांनी ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय घेतली नाही, त्यांच्याच परंपरेतला मी, एका पुस्तिकेत वाचलेली इलेक्ट्रॉनची गोष्ट तपासल्याशिवाय सभेत सांगून मोकळा झालो होतो. तीही स्वामींच्या नावाशी जोडून. श्रोत्यांनी ती गोष्ट माझ्या मुखाने आली म्हणून घेतली, आणि माझ्या मुखाला मान होता तो या वेषामुळे.

पुढे त्याच घरी पुन्हा उपहाराचा योग आला. मी सभेत उभा राहून माझे मागील विधान चुकीचे होते असे सांगितले आणि ते का चुकीचे होते तेही थोडक्यात सांगितले. सभा शांत होती. नंतर एक वृद्ध वासनिक जवळ येऊन बसले. ते म्हणाले, “बाबा, इलेक्ट्रॉन आम्हाला तेव्हाही कळला नव्हता. तुम्ही म्हणालात म्हणून आम्ही माना डोलावल्या. मी तर नातवालाही तेच सांगितलं. आता त्याला काय सांगू?”

“प्रयोग जसा आहे तसा सांगा,” मी म्हणालो.

“ते मला कुठलं येतं? तुम्हीच सांगा,” असे म्हणून त्यांनी नातवाला हाक मारली. मुलगा बारावीत होता. आम्ही ओसरीवर बसलो, त्याने वही आणली आणि मी तिच्यावर दोन फटी काढल्या.